गळाला लागणारा ब्रीम

मासे धरण्याचे प्रकार जगांत अनेक आहेत. परंतु त्यांपैकीं सर्वांत कमी साहित्याचा आणि सर्वांत अधिक चिकाटीचा प्रकार कोणता असें विचारलें, तर गळाला आमिष लावून स्वस्थ बसणें हेंच उत्तर द्यावें लागेल. कोंकणांत यालाच गरवणें म्हणतात. खाडीच्या कांठीं किंवा एखाद्या धक्क्याच्या टोकाशीं असा मनुष्य बसलेला दिसला, कीं जाणारे-येणारे क्षणभर थांबतात, "कांहीं लागलें का?" म्हणून विचारतात, आणि नकारार्थी मान हललेली पाहून किंचित् समाधानानेंच पुढें जातात. रिकामटेकडेपणाचा हा एक नमुना आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे हें पारखावयाचें, तर ऑस्ट्रेलियांत ब्रीम नांवाच्या माशाच्या मागें लागलेल्या लोकांकडे थोडा वेळ पाहावें. तेथें हा उद्योग केवळ फुरसतीचा राहिलेला नाहीं. नदीचें पाणी कोणाचें आणि सरोवरांतला मासा कोणाचा, अशा वादांपर्यंत तो जाऊन पोंचला आहे.

ब्रीम या नांवाविषयीं प्रथम दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण या नांवानें पुष्कळ घोटाळा केलेला आहे. इंग्लंडांतील संथ नद्यांत ज्याला ब्रीम म्हणतात, तो गोड्या पाण्यांतला मासा असून आपल्या रोहू-कटल्याच्या कुळांतला आहे. इंग्रज वसाहतवाले ऑस्ट्रेलियांत गेले तेव्हां तेथील खाड्यांत त्यांना एक उंच पाठीचा, दोन्ही अंगांनीं चपटा मासा दिसला; रूपाचें थोडेंसें साम्य पाहून त्यांनीं त्यालाही तेंच नांव देऊन टाकलें. परक्या मुलखांत गेलेला मनुष्य पहिल्या दिवसापासून ओळखीचे चेहरे शोधीत असतो, त्यांतलाच हा प्रकार. वस्तुतः ऑस्ट्रेलियांतील ब्रीम हा स्पॅरिडी या समुद्री कुळांतला असून त्याच्याच वंशांतील जाती भारताच्या किनाऱ्यावरील खाड्यांतूनही आढळतात. म्हणजे इंग्लंडांतल्या आपल्या नांवबंधूपेक्षां तो आपल्याकडील माशांना अधिक जवळचा आहे.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर पिवळ्या परांचा ब्रीम असतो. तो समुद्राच्या अधिक जवळ राहतो, आणि त्याच्यांतले पुष्कळसे मासे नर म्हणून वाढून पुढें माद्या होतात, हें त्याचें एक नवल. दक्षिण किनाऱ्यावरचा काळा ब्रीम निराळा. ही स्वतंत्र जात आहे असें ठरून तिला शास्त्रीय नांव मिळालें तें १९४९ सालीं. मन्रो या मत्स्यशास्त्रज्ञानें तिला 'बुचरी' असें नांव दिलें. बुचर या शब्दाचा इंग्रजींतील अर्थ खाटीक. परंतु येथें खाटकाचा कांहीं संबंध नाहीं. व्हिक्टोरिया राज्याच्या मत्स्यखात्यांत या माशाचा अभ्यास करणारे बुचर नांवाचे एक गृहस्थ होते, त्यांच्या सन्मानार्थ तें ठेवण्यांत आलें. पुढील हकीकत या काळ्या ब्रीमची आहे.

व्हिक्टोरिया राज्यांत, मेलबर्न शहराच्या पूर्वेस सुमारें ३०० किलोमीटरांवर, गिप्सलँड लेक्स या नांवाची सरोवरांची एक मालिका आहे. वेलिंग्टन, व्हिक्टोरिया आणि किंग हीं तिच्यांतलीं तीन मोठीं सरोवरें. समुद्र आणि हीं सरोवरें यांच्यामध्यें नाइन्टी माइल बीच हा वाळूचा लांबच लांब बांध आडवा पसरला आहे. डोंगरांतून उतरणाऱ्या लाट्रोब, एव्हन, मिचेल, निकल्सन, टॅम्बो या नद्या आपलें गोडें पाणी या सरोवरांत आणून सोडतात, आणि समुद्राचें खारें पाणी एका अरुंद मुखांतून आंत येतें. गोड्या-खाऱ्याच्या या सरहद्दीवर ब्रीमचा संसार चालतो. पेन्सव्हिल, मेटुंग, लेक्स एन्ट्रन्स या गांवांचे लांकडी धक्के आणि टॅम्बो-निकल्सनचे बांकदार कांठ हीं गळवाल्यांचीं ठाणीं होत. तेथील हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. त्या सुमारास ब्रीम सरोवरांतून नद्यांत वर चढूं लागतात आणि त्यांच्यामागून माणसेंही सरकतात.

हा मासा धरणें अवघड कां, हें त्याचें तोंड पाहिल्यावर समजतें. पुढें खुंट्यांसारखे दांत, आणि बाजूला चक्क दाढा! शिंपले फोडणें, खेकड्यांचें कवच चुरणें, खांबांवर चिकटलेले जीव खरवडून काढणें, हा त्याचा नित्यक्रम असल्यामुळें कोणतीही वस्तु तो प्रथम तोंडांत धरून, दाबून, पारखून पाहतो. अन्नांत कांहीं वावगें लागलें, किंचित् ओढ जाणवली, कीं तें थुंकून टाकतो. भुकेल्या माशाप्रमाणें झडप घालून गिळण्याची त्याची रीत नाहीं. घरांतल्या चोखंदळ वृद्धासारखा तो जेवतो. गळाची सारी विद्या या एका संवयीवर मात करण्यासाठीं जन्मास आली आहे.

साहित्य थोडें लागतें. शेंड्याशीं लवचिक अशी हलकी काठी, तिच्यावर फिरकी, फिरकीवर बारीक तंगूस. शिसें अगदीं लहान, मध्यें भोंक असलेलें. तें दोरीवर मोकळें सरकत राहावें, खालच्या गिरकीपाशीं अडावें, आणि त्याच्यापुढें हातभर आणखी बारीक धाग्याला गळ असावा, अशी ही मांडणी असते. कारण उघड आहे. माशानें आमिष उचलून तो चालूं लागला, कीं दोरी शिशाच्या भोंकांतून विनासायास निघून गेली पाहिजे. शिशाचें वजन त्याच्या जिभेला लागतां कामा नये. पाणी स्थिर असेल तेथें जाणते लोक शिसें लावीतच नाहींत. आमिष आपल्याच भारानें सावकाश बुडूं देतात.

आमिषाविषयीं मात्र प्रत्येक धक्क्यावर निराळें शास्त्र ऐकूं येतें. कोणी सोललेल्या कोळंबीचा पुरस्कर्ता, कोणी शिंपल्याच्या मांसाचा, कोणी पिठाच्या गोळ्यांत चीज मळून तोच अचूक म्हणून सांगणारा; कोंबडीच्या मांसाचे तुकडे लावणारेही आहेत. परंतु या सर्व मतभेदांच्या मुळाशीं एक गोष्ट मात्र पक्की आहे. जें त्या जागच्या पाण्यांत वा चिखलांत आपोआप मिळतें, तें ताजें काढून लावलें, तर त्याची बरोबरी दुकानांतील गोठवलेलें आमिष करूं शकत नाहीं. म्हणून ओहोटीच्या वेळीं उघड्या पडलेल्या वाळवंटावर हातपंप घेऊन फिरणारीं माणसें तेथें दिसतात. पंप बिळावर टेकवून ओढला, कीं ओल्या वाळूबरोबर कोळंबीसारखा एक फिकट, मऊ प्राणी वर येतो. वाळूंतले लांब किडेही असेच काढतात. लहान खेकडा लावावयाचा असेल तर गळ त्याच्या पायाच्या सांध्यांतून घालतात, म्हणजे तो जिवंत राहून हालचाल करतो. हें वर्णन कानाला कठोर वाटेल; तें कठोर आहेच.

नवशिका मनुष्य धक्क्यावर गेला, कीं सर्व जोर लावून दोरी शक्य तितकी दूर फेंकतो. मोठे मासे दूर असतात अशी त्याची श्रद्धा असते. आणि ज्यासाठीं तो आला, तो मासा बहुधा त्याच्या पायांखालीं, धक्क्याच्या खांबांवरील शिंपले कुरतडीत असतो! अनुभवी माणूस धक्क्यावर हलक्या पावलांनीं येतो, आपली सावली पाण्यावर पडूं देत नाहीं, आणि आमिष खांबाला लागून अलगद सोडतो. नदीवर बसावयाचें असेल तर पडलेल्या झाडाचें खोड, वळणाची खोल बाजू, कांठाखालची कपार या जागा तो हेरून ठेवतो. उजाडतां, सांजावतां आणि रात्रीं मासा अधिक निर्भय असतो. चढत्या भरतीचें पाणी त्याला कांठाकडे आणतें.

खरी कसोटी पुढेंच आहे. दोरी ढिली ठेवून बसलेल्या माणसाला प्रथम बोटावर एक टिचकी जाणवते, मग आणखी एक, मग कांहींच नाहीं. या क्षणीं झटका देण्याचा मोह अनावर होतो, आणि ज्याला तो आवरत नाहीं त्याचा गळ रिकामा वर येतो. ब्रीम अजून पारखीत असतो. थोड्या वेळानें ढिल्या दोरीचें वेटोळें हळूहळू सरळ होऊं लागतें, दोरी पाण्यावर तिरपी चालूं लागते. मासा आमिष घेऊन निघालेला असतो. तेव्हां काठी नुसती उचलावयाची. त्यानंतर मात्र हा सावध प्राणी आपलें रूप पालटतो आणि सगळें बळ खर्चून खांबांच्या, खोडांच्या गर्दीकडे धांव घेतो; त्यांत एकदां शिरला कीं बारीक दोरी तुटलीच म्हणून समजावें. वर काढल्यावरही पाठीवरचे काटे ताठ उभे असतात. घाईनें मूठ मारणाऱ्याचा हात रक्तबंबाळ होतो, आणि धक्क्यावरील मुलें हंसतात.

येथपर्यंतची हकीकत कोणत्याही शिकारीच्या गोष्टीसारखीच झाली. पण हातांत आलेला मासा किती वर्षांचा आहे, हें कळलें म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टि बदलते. माशाच्या डोक्यांत, कानाच्या जागीं, एक लहानसा खडा असतो. झाडाच्या खोडांत वर्षांचीं वलयें पडतात तशीं त्या खड्यांतही पडतात. तो कापून भिंगाखालीं धरला, कीं वय मोजतां येतें. गिप्सलँड सरोवरांतील ब्रीमचे खडे असे मोजले गेले, तेव्हां कांहीं मासे २९ वर्षांपर्यंतचे निघाले! वीतभराहून थोडा मोठा, २८ सेंटिमीटर लांबीचा मासा, जो एका माणसाच्या ताटांतही फारसा मोठा दिसत नाहीं, तो तेवढा व्हावयास पांच वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि कित्येकांना त्याहूनही पुष्कळ लागतो. शाळेंत पहिलींत घातलेला मुलगा प्राथमिक शाळा संपवून बाहेर पडतो, तेवढा हा काळ.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वडीलधाऱ्या ब्रीमची मादी एका हंगामांत लक्षावधि अंडीं घालते. तथापि दरवर्षीं पिलांची पैदास सारखी होत नाहीं. कित्येक वर्षें जवळजवळ कोरडीं जातात, आणि मध्येंच एखादें वर्ष असें येतें, कीं त्या एका वर्षाचीं पिलें पुढें दहा-दहा वर्षें गळवाल्यांना पुरतात. याचें कारण पाण्यांत आहे. खारें पाणी जड, गोडें हलकें. त्यामुळें समुद्राचें पाणी नदीच्या तळानें पाचरीसारखें वर घुसतें आणि नदीचें पाणी त्याच्यावरून वाहत खालीं जातें. वसंतांत व उन्हाळ्याच्या आरंभीं या दोन थरांच्या सांध्यापाशीं ब्रीमचीं अंडीं तरंगतात, आणि पिलांना लागणारे सूक्ष्म जीवही तेथेंच गोळा होतात. नदीला पाणी कमी आलें तर हा सांधा नीट बनत नाहीं. एकदम मोठा पूर आला तर पाचर आणि पिलें दोन्ही धुवून निघतात. म्हणजे या माशाला मध्यम नदी हवी असते, आणि मध्यम नदी ही मनुष्याला फारशी परवडत नाहीं असें दिसतें. लाट्रोबला मिळणाऱ्या थॉमसन नदीवर १९८० च्या दशकांत मोठें धरण पुरें झालें. त्याचें पाणी मेलबर्नच्या नळांना जातें. २००६ सालच्या डिसेंबरांत पेटलेल्या वणव्यांनीं वरच्या डोंगरांतील १० लाख हेक्टरांहून अधिक रान जाळलें, आणि २००७ च्या जूनमध्यें आलेल्या पुरानें ती राख व माती सरोवरांत आणून ओतली. पुढच्या उन्हाळ्यांत सरोवरांचें पाणी शेवाळाच्या सूक्ष्म कणांनीं हिरवेंगार झालें होतें.

मुळांत या सरोवरांचें खारेपणही मनुष्यकृत आहे. पूर्वीं समुद्राचें मुख कधीं उघडे, कधीं वाळूनें बुजे. जहाजांना अडचण होई, म्हणून १८८९ सालीं बांध कापून कायमचें मुख पाडण्यांत आलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८८८ सालीं, मेलबर्नहून निघालेली आगगाडीची वाट बेर्न्सडेल गांवापर्यंत येऊन पोंचली होती. आगगाडी आल्यामुळें सरोवरांतला ताजा मासा राजधानीच्या बाजारांत विकला जाऊं लागला, आणि जाळें टाकणारीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या तेथें नांदलीं.

या जाळेंवाल्यांत आणि गळवाल्यांत पुढें तंटा माजला. मासा कमी झाला हें दोघांनाही दिसत होतें. कां कमी झाला, याविषयीं मात्र प्रत्येकाचें बोट दुसऱ्याकडे होतें. गळवाले म्हणत, एका रात्रींत एक जाळें जितकें ओढतें तितकें शंभर काठ्या ओढीत नाहींत. जाळेंवाले म्हणत, आमच्या होड्या मोजक्या आहेत. तुमच्या काठ्या कोणी मोजल्या आहेत? अखेरीस २०२० सालीं सरकारनें सरोवरांतील जाळ्यांची व्यापारी मासेमारी मोबदला देऊन बंद केली. संख्येनें जे अधिक, त्यांचा जय झाला, यांत आश्चर्य नाहीं. परंतु ज्यांना स्वतः गळ टाकतां येत नाहीं आणि ज्यांना केवळ खावयाला मासा हवा, त्या गृहस्थांच्या घरीं सरोवरांतला ब्रीम त्या वर्षापासून विकत येईनासा झाला. त्यांचें म्हणणें या तंट्यांत कोणी फारसें ऐकलें नाहीं. आणि नदीला पाणी किती सोडावें हा मूळ प्रश्न होता तसाच राहिला. जाळें गेलें म्हणून खाऱ्या-गोड्याचा सांधा जुळत नाहीं.

गळवाल्यांवरही बंधनें आहेत. २८ सेंटिमीटरांहून आंखूड ब्रीम ठेवतां येत नाहीं. एका माणसाला एका दिवसांत दहांहून अधिक नेतां येत नाहींत. आणि मुलें, वृद्ध अशा कांहीं जणांखेरीज प्रत्येकाला परवाना लागतो. म्हणून धक्क्यावर काठीइतकीच मोजपट्टी महत्त्वाची झाली आहे. साडेसत्तावीस भरलेला मासा पट्टीवर पुन्हां एकदां ताणून पाहणारा मनुष्य आणि त्याच्याकडे न पाहण्याचा बहाणा करणारा शेजारी, हें दृश्य तेथें नित्याचें आहे.

सोडावयाचा मासा कसा सोडावा, याचेंही ज्ञान हळूहळू पसरत आहे. कोरड्या हातानें धरला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो, म्हणून हात ओला करावा. मासा फार वेळ पाण्याबाहेर ठेवूं नये. गळ ओठांत असेल तर काढावा. पोटांत उतरला असेल तर मात्र ओढूं नये, तोंडाशीं दोरी कापून मासा तसाच सोडावा. ऐकणाऱ्याला हें उलटें वाटतें. पोटांत लोखंड ठेवून कोण जगेल? परंतु न्यू साउथ वेल्समध्यें पिवळ्या परांच्या ब्रीमवर प्रयोग झाले, त्यांत दोरी कापून सोडलेले मासे गळ उपटून काढलेल्यांपेक्षां पुष्कळ अधिक संख्येनें जगले, आणि त्यांतील बऱ्याच जणांनीं कालांतरानें तो गळ आपोआप बाहेर टाकून दिला. टिचकीसरशीं झटका न देतां थांबावें हें जुनें शास्त्र. पण फार थांबलें तर गळ पोटांत जातो हें नवें ज्ञान. या दोहोंमधला क्षण साधणें हेंच आतां चांगल्या गळवाल्याचें लक्षण मानलें जातें.

मिचेल नदी जेथें किंग सरोवराला मिळते, तेथें निसर्गानेंच बांधलेला एक धक्का आहे. नदीनें शतकानुशतकें आणलेला गाळ तिच्या दोन्ही बाजूंना सांचून सरोवरांत आठ-एक किलोमीटर लांब, अरुंद अशा दोन भिंती पुढें गेल्या आहेत. मधून नदी वाहते आणि बाहेर सरोवर पसरलें आहे. पूर्वीं या भिंतींना बोरूच्या दाट बेटांचें कुंपण होतें. १८८९ च्या मुखानें खारें पाणी आंत आलें, बोरू मेला, आणि उघड्या पडलेल्या मातीला लाटा खाऊं लागल्या. म्हणून कांहीं ठिकाणीं कांठाला दगड रचावे लागले आहेत. संध्याकाळीं मोटारी तेथपर्यंत जातात; वाटेच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला सरोवर. माणसें त्या दगडांवर बसून बादलींतला खेकडा काढतात, त्याच्या पायाच्या सांध्यांतून गळ घालतात, आणि ज्यांना ठाऊक आहे ते दोरी दूर न फेंकतां दगडांच्या कडेलाच सोडतात.